द्रवणांकाची साक्ष



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, राजकारण आणि संगीत हे मानकरी पाहुणे. रसायनशाळेतली काचेची नळी हातात घेऊन येणारा पाहुणा त्यांच्यापुढे उपराच. तरीही आजचा विषय आम्ही मुद्दाम निवडला. कारण ज्या गोष्टीविषयी बोलायचे आहे ती आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात रोज घडत असते. बर्फाचे पाणी होते, तूप थिजते, खोबरेल गोठते, मेण ओघळते. घन पदार्थ ज्या उष्णतामानाला द्रव होतो त्याला त्या पदार्थाचा द्रवणांक म्हणतात, ही व्याख्या आपण सर्वांनी शाळेत घोकलेली आहे. व्याख्या विसरली असली तरी बिघडत नाही. हा आकडा आपल्याला काय सांगू शकतो, तो कोणाविरुद्ध साक्ष देऊ शकतो, आणि ती साक्ष लिहून घेणाऱ्याच्या हाती किती मोठी जबाबदारी असते, एवढेच आज पाहायचे आहे.

घरापासूनच सुरुवात करू. पुण्याकडे थंडीच्या दिवसांत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. तीच बाटली रत्नागिरीत आणली, की बहुतेक वर्षभर तेल पातळच राहते. एखाद्या पहाटे गोठले तर गोठले. तेल बदलले नाही, हवा बदलली. खोबरेल चोवीस-पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि आपली समुद्रकाठची हवा त्याच्या खाली फारशी उतरत नाही. म्हणजे ज्याने कधी उष्णतामापक हातात धरला नाही, त्यालाही द्रवणांकाचा अनुभव आहे. फक्त त्याने त्याचा आकडा मांडलेला नाही.

आता तुपाची बरणी पाहा. चांगले साजूक तूप सावकाश निवले म्हणजे रवाळ होते. वर पातळ तूप आणि त्यात बसलेले पांढरे दाणे. गृहिणीला ही तुपाच्या चांगलेपणाची खूण वाटते. रसायनशास्त्रज्ञ तीच बरणी पाहून म्हणतो, 'हा एक पदार्थ नव्हे. ही अनेक पदार्थांची एकत्र बिऱ्हाडे आहेत.' तुपातील काही स्निग्ध द्रव्ये अधिक उष्णतेला वितळतात, ती आधी दाण्यांच्या रूपाने थिजतात. उरलेली द्रवच राहतात. त्यामुळे तुपाला एकच एक द्रवणांक नसतो. ते मऊ होत, अर्धे वितळत, मग पूर्ण पातळ होते. याच्या उलट शुद्ध नॅप्थलीन, म्हणजे पूर्वी कपड्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या म्हणून ज्या ठेवीत ते द्रव्य, ऐंशी अंशांपर्यंत घनरूप राहते आणि ऐंशीला बघता बघता पाणी होते. हा फरक लक्षात ठेवा. आजच्या सगळ्या व्याख्यानाचे मर्म त्यात आहे.

असे का होते? जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत डोळ्यांपुढे आणा. सगळे चिरे एका मापाचे, एका घडणीचे. शुद्ध स्फटिकातील रेणू असेच ओळीने बसलेले असतात. प्रत्येक रेणूला शेजाऱ्याने सारख्याच बळाने धरलेले असते. म्हणून ते बंधन सुटायला लागणारी उष्णताही सगळ्यांना सारखीच लागते, आणि ती मर्यादा गाठली की भिंत एकदम ढासळते. पण यात परके द्रव्य मिसळले तर द्रवणांक खाली का उतरतो? येथे चिऱ्यांची उपमा पुरी पडत नाही. आपण नाटकाच्या मध्यंतराची घेऊ. वितळण्याच्या क्षणी काही रेणू स्फटिकातून बाहेर पडत असतात आणि काही द्रवातून परत आपल्या जागेवर बसत असतात. जाणारे आणि येणारे सारखे झाले की तो द्रवणांक. आता नाट्यगृहाबाहेरच्या गर्दीत तिकीट नसलेली शंभर माणसे मिसळली तर काय होईल? आतून बाहेर येणारे त्याच वेगाने येतील, पण गर्दीतून वाट काढून परत आत शिरणारे कमी होतील. समतोल मोडला. तो पुन्हा साधायचा तर बाहेर पडणाऱ्यांचा वेग मंदावला पाहिजे, म्हणजे उष्णतामान उतरले पाहिजे. भेसळीमुळे द्रवणांक खाली येतो तो असा. शिवाय आरंभी वितळलेल्या थोड्याशा द्रवात परकी मंडळी दाट असतात, पुढे पुढे ती विरळ होतात; त्यामुळे वितळणे एका अंशावर न होता चार-सहा अंशांवर पसरते. भेसळीच्या या दोन खुणा: आकडा उतरणे आणि आकडा पसरणे.

ज्यांना ही गोष्ट नळीवाचून पाहायची असेल त्यांनी औषधांच्या फडताळातली अमृतधारा आठवावी. पेपरमिंटचे स्फटिक सुमारे बेचाळीस अंशांना वितळतात, ओव्याचे फूल पन्नासाच्या आसपास, आणि कापूर तर पाऊणशेवर शंभर, म्हणजे पावणेदोनशे अंशांच्या पुढे. तिन्ही पदार्थ घन आणि कोरडे. तिन्ही एका बाटलीत घालून हलवा. चूल नको, दिवा नको, थोड्याच वेळात बाटलीत पाण्यासारखा द्रव दिसतो. प्रत्येकाने दुसऱ्याचा द्रवणांक खाली ओढला, तो इतका की खोलीतल्या उष्णतेलाच तिघेही वितळून गेले. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो तेही याच नियमाला अनुसरून. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली, एकवीस अंशांपर्यंत उतरूनही वितळत राहतो आणि दूध गोठवतो.

आता रसायनशाळेत जाऊ. आपल्या गावाला ही जागा परकी नाही. १९४५ साली निघालेले गोगटे महाविद्यालय, आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, येथे रसायनशास्त्र शिकलेली माणसे या सभेत पुष्कळ असतील. त्यांना पुढील वर्णन ओळखीचे वाटेल. काचेची बारीक नळी ज्योतीवर मऊ करून ओढली म्हणजे केसासारखी केशनळी होते. तिचे एक तोंड ज्योतीत धरून बंद करायचे. तपासायचा पदार्थ पूर्ण कोरडा करून त्याची पूड करायची आणि नळीत तीन-चार मिलिमीटर उंचीपर्यंत ठोकून ठोकून बसवायची. मग ती केशनळी उष्णतामापकाला अशी बांधायची की पूड त्याच्या पाऱ्याच्या फुग्याला अगदी लागून राहील. दोघांना तेलात बुडवून सावकाश तापवायचे. या कामासाठी जर्मन रसायनज्ञ योहानेस थीले याने १९०७ साली एक साधी नळी योजली. चहाच्या कपाला कान असावा तशी तिला बाजूस एक वाकडी नळी जोडलेली असते. दिवा त्या कानाखाली धरला की तापलेले तेल वर चढते, थंड तेल खाली येते, आणि कोणी न ढवळता तेल स्वतःच फिरत राहते. शंभरांवर वर्षे लोटली. आज विजेची, पडद्यावर आकडा दाखवणारी, वितळण्याचे चित्र टिपणारी यंत्रे निघाली. तरी थीलेची नळी अजून प्रयोगशाळांतून निवृत्त झालेली नाही.

साधन साधे असले तरी रीत कडक आहे. अपेक्षित आकड्याच्या दहा-पंधरा अंश अलीकडपर्यंत भराभर तापवले तरी चालते. तेथून पुढे मिनिटाला एक-दोन अंशांहून वेग वाढता कामा नये. घाई केली तर उष्णतामापक पुढे धावतो, पूड मागे राहते, आणि लिहिलेला आकडा कोणाचाच नसतो. पहिला थेंब दिसला तो अंश आणि शेवटचा कण विरघळला तो अंश, असे दोन आकडे टिपायचे. एकदा वितळलेली नळी थिजवून पुन्हा वापरायची नाही. प्रत्येक वेळी नवी नळी, नवी पूड. आणि ज्याचा द्रवणांक पक्का ठाऊक आहे अशा शुद्ध द्रव्यावर आधी आपला उष्णतामापकच तपासून घ्यायचा; कारण साक्षीदार जसा तपासावा लागतो तसा दुभाषाही तपासावा लागतो.

आपण म्हणाल, मग काम सोपे झाले; आकडा नेमका आला तर पदार्थ शुद्ध. इतके सोपे असते तर आम्हांला येथे उभे राहण्याचे कारण नव्हते. शुद्धतेची कसोटी म्हणून द्रवणांकाचा पद्धतशीर उपयोग करणाऱ्यांत अग्रणी म्हणजे फ्रान्सचा मिशेल शेव्ह्रल. १७८६ साली जन्मलेला हा शास्त्रज्ञ १८८९ पर्यंत, म्हणजे शंभरी ओलांडून जगला. साबण आणि चरबी यांचा त्याने वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १८२३ साली आपले संशोधन ग्रंथरूपाने मांडले. चरबीतून निघालेले आम्ल तो पुनःपुन्हा स्फटिकरूपाने काढी आणि द्रवणांक वाढायचा थांबला म्हणजे पदार्थ शुद्ध झाला असे मानी. याच मार्गाने त्याला 'मार्गारिक आम्ल' नावाचे एक द्रव्य मिळाले. पुढे काही दशके ते पुस्तकांतून मानाने नांदले. १८५० नंतरच्या दशकात हाइन्ट्स नावाच्या जर्मन रसायनज्ञाने दाखवून दिले, की ते स्वतंत्र द्रव्य नव्हतेच. स्टिअरिक आणि पामिटिक या दोन आम्लांचे ते मिश्रण होते. स्टिअरिक आम्ल सुमारे एकोणसत्तर अंशांना वितळते, पामिटिक सुमारे त्रेसष्टाला. आणि दोघांना विशिष्ट प्रमाणात मिसळले तर मिश्रण दोघांच्याही खाली वितळते. काही मिश्रणे तर अशी असतात की ती शुद्ध पदार्थासारखी एकाच अंशावर वितळून भल्याभल्यांना चकवतात. ज्या परीक्षेचा शेव्ह्रल आचार्य, त्याच परीक्षेने त्याला फसवले. यात शेव्ह्रलचे काही उणे होत नाही. एकट्या आकड्यावर विसंबू नये, एवढा धडा त्याच्या निमित्ताने जगाला मिळाला.

यावर रसायनज्ञांनी काढलेला तोडगा मोठा मार्मिक आहे. समजा, आपल्यापुढे एक अनोळखी पांढरी पूड आहे आणि ती १३३ अंशांना वितळते. युरियाही १३३च्या सुमारास वितळतो, आणि सिनॅमिक आम्लही. मग ही पूड कोणती? ओळखीचा शुद्ध युरिया घ्या, थोडा या पुडीत मिसळा आणि मिश्रणाचा द्रवणांक पाहा. पूड युरियाच असेल तर आकडा जागचा हलणार नाही, कारण घरच्या माणसात घरचेच माणूस मिसळले. पूड सिनॅमिक आम्लाची असेल तर मिश्रण वीस अंशांहूनही अधिक खाली घसरेल. आकडा सारखा असला म्हणून नाते ठरत नाही; एकत्र नांदवून पाहिल्यावर ठरते. सोयरीक जमवणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

येथवर शास्त्र झाले. आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वैशाख सरता सरता आपल्याकडे रातांबे पिकतात. साल आमसुलाला जाते, रस आगळाला जातो, आणि बिया अंगणात वाळत पडतात. त्या बियांचा मगज कुटून पाण्यात उकळला म्हणजे वर तेल तरंगते. ते काढून निववले की घट्ट होते. मग मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. हेच आपले मुठेल. भेगाळलेल्या टाचांना आणि फुटलेल्या ओठांना ते लावतात हे रत्नागिरीत लहान मुलालाही माहीत आहे. पण टाचेला लावण्यापूर्वी आजी तो गोळा निखाऱ्यावर का धरी, याचा विचार आपण केला आहे काय? मुठेल साधारण एकोणचाळीस ते बेचाळीस अंशांच्या दरम्यान वितळते. आपले अंग सदतीस अंशांचे. नुसत्या अंगाच्या उबेने ते पुरते विरघळत नाही, म्हणून निखारा. आणि मे महिन्यातल्या रत्नागिरीच्या उकाड्यातही ते फडताळात घट्ट राहते, कारण सावलीतली हवा सहसा तेथवर चढत नाही.

तुपासारखाच हाही एक निसर्गातला स्निग्ध पदार्थ. मग तो इतक्या थोड्या अंशांत कसा वितळतो? याचे कारण त्याच्या घडणीत आहे. मुठेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल आणि तिसऱ्या हिश्शाहून अधिक ओलेइक आम्ल असते; आणि त्यातले बहुसंख्य रेणू एकाच साच्याचे असतात, दोन्ही बाजूंना स्टिअरिक आणि मध्ये ओलेइक. चिऱ्यांची भिंत आठवा. निसर्गाने कोकमाच्या बीत जवळजवळ एकाच मापाचे चिरे रचून ठेवले आहेत. हीच करामत त्याने कोकोच्या बीत केली आहे. कोकोचे लोणी तेहतीस ते पस्तीस अंशांच्या सुमारास वितळते. बोटांत घट्ट आणि जिभेवर पाणी. चॉकलेटची सारी मोहिनी या दोन-तीन अंशांत साठवलेली आहे.

म्हणूनच युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो निर्देश काढला, त्यात कोको लोण्याखेरीज चॉकलेटात पाच टक्क्यांपर्यंत चालतील अशा सहा वनस्पतिज स्निग्ध पदार्थांची यादी दिली. त्या सहांत एक आहे कोकमाचे तेल, आणि दुसरे आंब्याच्या कोयीतले. श्रोतेहो, रत्नागिरीच्या एका परड्यात शेजारी शेजारी उभी असलेली दोन झाडे त्या सहांच्या पंक्तीत बसली आहेत. ती कोणाच्या शिफारशीने बसली नाहीत. त्यांच्या रेणूंच्या घडणीने आणि वितळण्याच्या रीतीने बसली आहेत. कोकमाचे तेल कोकोच्या लोण्याहून काही अंश वर वितळते, त्यामुळे उष्ण हवेत चॉकलेट मऊ पडू नये म्हणून त्याचा उपयोग होतो. सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायातही त्याला मागणी आहे. आपण टाचेला लावतो ते द्रव्य दूरदेशीच्या काचेच्या कपाटात ठेवले जाते.

मात्र तेथे जाण्यापूर्वी त्याला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: हे शुद्ध आहे काय? आपल्या वाडीत 'शेजारच्या काकूंनी काढले आहे' एवढे उत्तर पुरते. बाजारात ते पुरत नाही, आणि पुरावे असेही नाही. स्निग्ध पदार्थाची परीक्षा करण्याची रीत थोडी वेगळी आहे. दोन्ही तोंडे उघडी असलेल्या केशनळीत वितळवून गाळलेल्या तेलाचा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा स्तंभ ओढून घेतात. तो बर्फावर पुरता थिजवतात. मग नळी पाण्यात उभी बांधून पाणी अगदी हळूहळू तापवतात. ज्या अंशाला तो स्तंभ सुटून वर सरकतो तो त्याचा आकडा. यात थिजवण्याची पायरी टाळून चालत नाही. स्निग्ध पदार्थ घाईने गोठले तर रेणू कसेबसे दाटीवाटीने बसतात आणि कमी उष्णतेला सुटतात. सावकाश बसले तर घट्ट बसतात. शुद्ध ट्रायस्टिअरिन या एकाच द्रव्याचे त्याच्या तीन रूपांनुसार पंचावन्न, चौसष्ट आणि त्र्याहत्तर असे तीन द्रवणांक आहेत. म्हणजे तेल तेच, हात घाईचा, तर आकडा खोटा.

आता कोणी मुठेलात शेंगदाण्याचे तेल मिसळले तर आकडा उतरेल. मेण मिसळले तर वितळण्याचा विस्तार वाढेल आणि शेवटचा कण उशिरापर्यंत रेंगाळेल. पण वनस्पती तूप मिसळले तर? भारतात वनस्पती तुपाच्या द्रवणांकाला एकतीस ते एकेचाळीस अंशांची मर्यादा घालून देण्यात आली होती. वरच्या टोकाचे वनस्पती तूप मुठेलात मिसळले तर निव्वळ द्रवणांकाच्या चौकीवरून ते निसटून जाण्याचा संभव आहे. म्हणूनच वनस्पती तुपात तिळाचे तेल घालण्याचा नियम करण्यात आला. तिळाच्या तेलाला विशिष्ट रसायनांनी गुलाबी रंग येतो आणि चोर ओळखू येतो. त्याखेरीज आयोडीन मूल्य, साबणीकरण मूल्य अशा इतर परीक्षा आहेत, आणि आज त्याहून सूक्ष्म यंत्रेही आहेत. द्रवणांक हा एकमेव साक्षीदार नव्हे. तो पहिला साक्षीदार आहे. सर्वांत स्वस्त, चटकन उपलब्ध होणारा, आणि काही आक्षेपार्ह दिसले तर पुढच्या साक्षीदारांना बोलवा असे सांगणारा.

आणि आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. साक्षीदार कितीही सच्चा असला तरी त्याची साक्ष लिहून घेणारा कारकून लबाड असेल तर न्याय होत नाही. आपल्याकडील विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या वहीत काय लिहितो? बेन्झोइक आम्लाचा द्रवणांक पुस्तकात १२२ दिला आहे. विद्यार्थ्याच्या नळीत पूड ११७ला ओलावू लागली आणि १२०ला वितळली. तो इकडेतिकडे पाहतो आणि वहीत लिहितो १२२. गुण मिळतात. पण त्याने काय गमावले ते पाहा. ११७ ते १२० या दोन आकड्यांत मोठी माहिती होती. पूड ओली असेल, ती नीट शुद्ध झाली नसेल, तापवण्यात घाई झाली असेल, किंवा उष्णतामापकच दोन अंश मागे असेल. यांतील खरे कारण शोधणे हेच तर शिक्षण. १२२ लिहिताच ती सारी दारे बंद झाली. पुस्तकातला आकडा पुस्तकाचा आहे. वहीत नळीचा आकडा पाहिजे. याचा सारा दोष त्या मुलावर टाकणेही न्यायाचे नाही. जी परीक्षापद्धती पुस्तकाशी जुळणाऱ्या आकड्याला गुण देते आणि खऱ्या निरीक्षणाला देत नाही, ती त्याला हे शिकवते.

हाच मुलगा चार वर्षांनी कोठे असतो? आपल्याच जिल्ह्यात खेड तालुक्यातील लोटे-परशुराम येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी आहे. तेथे आणि तशा इतर ठिकाणी आपली मुले गुणवत्तापरीक्षेच्या खोलीत काम करतात. औषधासाठी लागणारा कच्चा माल येतो, त्याची चिमूटभर पूड त्यांच्यापुढे ठेवली जाते. समजा, आकडा मर्यादेच्या दोन अंश खाली आला. गाडी दाराशी उभी आहे, यंत्र रिकामे आहे, वरिष्ठ घड्याळाकडे पाहत आहेत. त्या खोलीत तेव्हा कोणी पुढारी नसतो, वर्तमानपत्राचा बातमीदार नसतो. बावीस वर्षांचा एक मुलगा, एक नळी आणि एक लेखणी असते. कॉलेजच्या वहीत ११७च्या जागी १२२ लिहिण्याची सवय ज्या हाताला लागली आहे, तो हात त्या वेळी काय लिहील?

यात कोणाचे काय जाते, असे कोणी विचारील. अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण घ्या. दमट हवेत त्याचे हळूहळू विघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि व्हिनेगरातले आम्ल तयार होते. जुन्या बाटलीचे झाकण उघडताच आंबूस वास येतो तो त्याचाच. कोकणच्या पावसाळ्यात औषधाचे दुकान चालवणाऱ्यांना याची कल्पना असेल. शुद्ध अ‍ॅस्पिरिन सुमारे १३५ अंशांना वितळते. सॅलिसिलिक आम्ल १५९ला वितळते, म्हणजे कितीतरी वर. तरीही त्याची भेसळ झालेले अ‍ॅस्पिरिन वर न चढता खालीच वितळू लागते. नाटकाच्या मध्यंतराचा नियम येथेही लागू. डोळ्यांना दोन्ही पुडी पांढऱ्याच दिसतात. रोग्याला रसायन कळत नाही, वैद्याला प्रत्येक गोळी तपासता येत नाही, दुकानदार वेष्टन पाहतो. या सर्वांच्या वतीने ज्याने पाहायचे, त्याने पाहिलेले लिहिले नाही तर सारी साखळीच आंधळी होते. १९५५ साली भारतीय औषधसंहितेची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हापासून औषधांच्या कसोट्या देशाने स्वतः बांधून घेतल्या आहेत. पण संहिता कसोटी सांगते. इमान ज्याचे त्याने आणायचे असते.

म्हणून शेवटी दोन व्यवहारी सूचना करून आम्ही थांबणार आहोत. पहिली सूचना शिक्षकांना. प्रात्यक्षिकाच्या वहीत पुस्तकाच्या आकड्यासाठी एक रकाना आणि नळीच्या आकड्यासाठी दुसरा रकाना ठेवा. आणि दोहोंतील फरकाचे कारण शोधण्याला सर्वांत अधिक गुण द्या. फरक शून्य दाखवणाऱ्याला पुन्हा एकदा नवी नळी घेऊन बसवा.

दुसरी सूचना साऱ्या गावाला. दापोलीस १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाच्या 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या जाती दिल्या. झाडाला नाव मिळाले, तसा त्याच्या तेलाला आकडाही मिळाला पाहिजे. ज्या बायाबापड्या आणि बचतगट मुठेल काढतात, त्यांनी प्रत्येक घाण्यातला सुपारीएवढा नमुना जवळच्या महाविद्यालयात द्यावा. विद्यार्थ्यांनी तो खरा प्रयोग समजून तपासावा आणि तारखेसह आकडा एका चिठ्ठीवर लिहून द्यावा. त्यासाठी लागते काय? बर्फ, पाणी, उष्णतामापक आणि एक वितीची काचनळी. विद्यार्थ्याला असा प्रयोग मिळेल की ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही. त्यामुळे नक्कल करायला जागाच नाही. आणि माल विकणाऱ्या बाईच्या हाती अशी चिठ्ठी येईल की तिच्या जोरावर ती व्यापाऱ्याला सांगू शकेल, 'माझा माल चाळीस अंशांपर्यंत घट्ट राहतो. भाव ठरवताना हे ध्यानात घ्या.' आज तोच आकडा व्यापारी पुढे जाऊन काढतो आणि त्याची किंमत त्याला मिळते. आकडा ज्याच्या हाती, भावही त्याच्याच हाती.

अर्थात ती चिठ्ठी लिहिणाऱ्याने एखाद्या घाण्याचा आकडा छत्तीस आला तर छत्तीसच लिहिला पाहिजे. ती बाई ओळखीची असली, तरी. एका चुकीच्या चिठ्ठीने पुढच्या शंभर खऱ्या चिठ्ठ्यांची पत जाते. बाजारात रत्नागिरीचे नाव हापूसने मिळवले. मुठेलाला ते मिळवायचे असेल तर गोडीवर भागणार नाही, कारण मुठेल कोणी चाखून घेत नाही. त्याला साक्षच लागेल.